रोजचे आवाज सहन होत नसतील तर काय करावे

गंजावरचे झाकण खाली पडले, शेजारी मिक्सर सुरू झाला, कुकरची शिट्टी झाली किंवा दारावरून ट्रॅक्टर गेला, तर बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. परंतु काही माणसांच्या कानात याच आवाजांनी कळ उठते, छाती धडधडू लागते आणि आवाज थांबल्यावरही बराच वेळ डोके शांत होत नाही. खेड्यात अशा माणसाला बहुधा दोनच सल्ले मिळतात. कानात कापूस घालून बस, हा एक. मन घट्ट कर, सवय होईल, हा दुसरा. दोन्ही सल्ले आपुलकीने दिले जातात, आणि दोन्हींमुळे त्रास वाढण्याचीच शक्यता अधिक असते. खरी वाट या दोहोंच्या मधून जाते. अतिमोठ्या आवाजापासून कान जपावेत, पण साध्या आवाजापासून ते तोडू नयेत. सुटलेली सवय कानांना थोडी थोडी परत लावावी. विदर्भातील गावात, हाताशी असलेल्या साधनांनी हे कसे करता येईल, ते येथे सांगितले आहे.

आधी त्रासाचा प्रकार ओळखावा

आवाज सहन न होण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. एका प्रकारात जवळजवळ सगळेच आवाज गरजेपेक्षा मोठे वाटतात. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे (डेसिबल हे आवाज मोजण्याचे माप) असते आणि निरोगी माणसाला सुमारे १०० डेसिबलच्या आसपास आवाज असह्य होऊ लागतो. ही मर्यादा ज्याच्या बाबतीत पुष्कळ खाली आलेली असते, त्याला भांडी घासण्याचा आवाजही टोचतो. डॉक्टर याला हायपरॅक्युसिस म्हणतात. दुसऱ्या प्रकारात आवाज मोठा असावा लागतच नाही. कोणी मचमच करीत जेवले, नाक ओढले किंवा पेन टकटकवले, की एकदम संताप किंवा किळस येते आणि तेथून उठून जावेसे वाटते. हा मिसोफोनिया होय. हे नाव २००१ साली रूढ होऊ लागले. तिसऱ्या प्रकारात आवाज होण्याआधीच त्याची भीती बसलेली असते. लग्नाचे आमंत्रण हातात पडताच पोटात गोळा येतो. हे तिन्ही प्रकार एकाच माणसात मिसळलेलेही असू शकतात.

वयस्कर माणसांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्यावरून घरात विनाकारण वाद होतात. आजोबा म्हणतात, ‘मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही’. नातू थोडा आवाज चढवतो, तर लगेच म्हणतात, ‘ओरडतोस कशाला?’ हा हेकेखोरपणा नाही. आतील कानाच्या पेशी झिजल्यावर लहान आवाज ऐकू येत नाहीत, आणि मोठे आवाज मात्र एकदम अंगावर आल्यासारखे वाटतात. अशा माणसाशी आवाज न चढवता, समोर बसून आणि सावकाश बोलावे, आणि त्याची श्रवणचाचणी करून घ्यावी.

प्रकार ओळखण्यासाठी एक साधी वही पुरते. आठवडाभर रोज लिहावे: कोणता आवाज झाला, तो किती अंतरावर होता, तेव्हा काय वाटले (दुखले, भीती वाटली की राग आला), त्रास किती वेळ टिकला, आणि आदल्या रात्री झोप किती झाली होती. झोपेची नोंद अनेकांना अनावश्यक वाटते, पण जागरणानंतरच्या दिवशी तोच आवाज दुप्पट टोचतो, हे वहीतूनच लक्षात येते. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी घरातील शाळकरी मुलाने ही नोंद ठेवावी. डॉक्टरांसमोर बसल्यावर पाच मिनिटांत सगळे आठवत नाही. वही पुढे केली की काम सोपे होते.

डॉक्टरांकडे कधी आणि कसे जावे

काही लक्षणे असतील तर वाट पाहू नये. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, म्हणजे तीन दिवसांच्या आत, ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी निघावे, कारण त्यावरचे औषध जितके लवकर सुरू होईल तितके ते उपयोगी पडते. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली तर तसेच तातडीने जावे. कानात स्टेपेडियस नावाचा एक अगदी लहान स्नायू असतो, तो मोठा आवाज होताच आखडतो आणि आतील कानाला सांभाळतो. चेहऱ्याच्या नसेला लकवा झाला, की हा स्नायूही सैल पडतो आणि त्या बाजूचे आवाज असह्य होतात. गरगरणे, कान फुटून पू येणे, नाडीच्या ठोक्याबरोबर कानात ठोके ऐकू येणे, डोक्याला मार लागल्यानंतर त्रास सुरू होणे, या गोष्टीही लवकर दाखवाव्यात. अर्धशिशी असणाऱ्यांना आवाज सहन होत नाही, आणि अर्धशिशीवर नीट उपचार झाले की तो त्रासही पुष्कळदा उतरतो. झोपेच्या काही गोळ्या बराच काळ घेऊन एकदम बंद केल्यानेही असे होऊ शकते, म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि कोणत्या थांबवल्या, हे लपवू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात कान तपासून मळ किंवा जंतुसंसर्ग आहे का एवढे कळते, आणि तेथूनच सुरुवात करावी. पूर्ण श्रवणचाचणी मात्र जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात होते. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदिया येथे शासकीय महाविद्यालये आहेत, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे आणि नागपूरला एम्सही आहे. चाचणी करणाऱ्याला आधीच सांगावे की मोठे आवाज सहन होत नाहीत, म्हणून हळू आवाजापासून सुरुवात करावी. काही तपासण्यांमध्ये मुद्दाम मोठा आवाज सोडला जातो. त्या आवश्यक आहेत का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. एमआरआय सांगितला तर त्या यंत्राचा आवाज फार मोठा असतो हे ध्यानात ठेवून कानाचे संरक्षण मागून घ्यावे. अनेकदा चाचणीत कान अगदी चांगले निघतात आणि घरचे म्हणतात, ‘पाहा, काहीच नाही.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. हा त्रास बहुधा कानात नव्हे, तर कानाकडून आलेल्या संदेशाला मेंदू किती मोठे करून घेतो त्यात असतो.

कानात कोमट तेल, लसणाचे तेल किंवा कोणताही रस घालू नये. आत पडद्याला छिद्र असेल तर त्याने इजा होते. बाहेरची बाधा समजून उतारे करण्यात महिने घालवू नयेत. त्या काळात त्रास तर वाढतोच, आणि आपल्यात काहीतरी भयंकर आहे ही समजूत त्या माणसाच्या मनात पक्की होते.

कान बंद ठेवल्याने काय होते

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. कानावर येणारा आवाज कमी झाला, की मेंदू आपली ऐकण्याची क्षमता वाढवून घेतो, अंधाऱ्या खोलीत डोळ्याची बाहुली मोठी होते तशी. मग थोडासाही आवाज आला तरी तो प्रचंड वाटतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चांगले ऐकू येणाऱ्या माणसांना दोन आठवडे कानात इअरप्लग (कान बंद करणारे बोळे) घालायला दिले, तेव्हा त्यांना आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांना तेवढाच काळ कानाशी मंद, सतत आवाज दिला, त्यांची सहनशक्ती मात्र वाढली. निरोगी माणसांत दोन आठवड्यांत एवढा फरक पडत असेल, तर महिनोन्‌महिने दारे लावून आणि कान झाकून बसणाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

म्हणून घरात, शांत वावरात, ग्रामपंचायतीत किंवा बाजाराच्या रस्त्यावर कानात काही घालू नये. आधीच दिवसभर इअरप्लग घालायची सवय लागली असेल, तर ते एकदम काढून टाकू नयेत; सकाळच्या शांत वेळेपासून सुरुवात करून बिनाप्लगचा वेळ दर काही दिवसांनी थोडा वाढवावा. कापसाविषयी स्पष्ट सांगायला हवे. आपला प्रदेश कापसाचा, त्यामुळे हात पहिल्यांदा कापसाकडेच जातो. पण सुका कापूस मोठा आवाज फारसा अडवत नाही आणि साध्या आवाजापासून मात्र मनाने तोडतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. शिवाय त्याचे तंतू कानात अडकतात.

मंद आवाजाची सोबत

यानंतरचे काम म्हणजे दिवसातील बराचसा वेळ, आणि शक्य असेल तर रात्रीही, कानाला एक हळुवार, एकसारखा आवाज मिळत राहील अशी व्यवस्था करणे. पंखा चालतो. विदर्भात मार्चअखेरपासून पाऊस येईपर्यंत कूलर चालतोच, आणि त्याचा पाण्याचा व हवेचा एकसुरी आवाज या कामाला फार चांगला आहे; मात्र पत्रा सैल होऊन खडखडत असेल किंवा पंप घरघरत असेल तर तोच कूलर त्रासाचे कारण होतो, म्हणून आधी स्क्रू आवळावेत, स्टँडखाली जुन्या ट्यूबचे रबर घालावे आणि कूलर उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. बाकीच्या ऋतूंत मोबाइलमध्ये पावसाचा किंवा वाहत्या पाण्याचा आवाज उतरवून ठेवावा, म्हणजे नेटवर्क गेले किंवा वीज गेली तरी तो लावता येतो. गाणी, बातम्या किंवा बोलणे यासाठी चालत नाही, कारण मन त्यात गुंतते आणि आवाज वरखाली होतो.

आवाज किती ठेवावा, याची खूण सोपी आहे: लक्ष दिले तर ऐकू यावा, लक्ष दिले नाही तर विसरला जावा, आणि त्याच्यामुळे समोरच्याचे बोलणे बुडू नये. त्रासदायक आवाज झाकण्यासाठी तो मोठा करू नये. सुरुवातीला थोडा वेळच सहन झाला तरी पुरे. फरक जाणवायला महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. पहिल्या पंधरवड्यात काही झाले नाही म्हणून सोडून देऊ नये. श्रवणतज्ज्ञ याच तत्त्वावर कानात घालायचे छोटे आवाजयंत्र देतात. ते परवडत असेल आणि तज्ज्ञ जवळ असेल तर उत्तमच.

नको असलेल्या आवाजाकडे पायरीने जावे

आपण स्वतः केलेला आवाज दुसऱ्याने अचानक केलेल्या आवाजापेक्षा कमी टोचतो, आणि या उपायाचा पाया हाच आहे. समजा, भांड्यांचा आवाज सहन होत नाही. पहिल्या काही दिवसांत त्या व्यक्तीने स्वतःच एक स्टीलचा चमचा कापड अंथरलेल्या ताटात हलकेच ठेवावा, उचलावा, पुन्हा ठेवावा. हे निवांतपणे करता येऊ लागले, की कापड काढावे. मग दोन वाट्या एकमेकींत ठेवाव्यात. मग दुसऱ्या कोणाला सांगून, आपल्या समोर आणि सांगितलेल्या क्षणी तेच करून घ्यावे. नंतर तो माणूस पुढच्या खोलीत असताना. आणि शेवटी, आधी न सांगता. मिक्सरच्या बाबतीत अंतरापासून सुरुवात करावी: आधी अंगणातून, मग सपरीतून, मग दारातून, आणि सर्वांत शेवटी बटण स्वतःच्या हाती घेऊन.

एका पायरीवर मन स्वस्थ झाल्याशिवाय पुढची चढू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कान दुखत राहिला तर ती पायरी उंच होती असे समजून खाली यावे. ज्यांना आवाजाने नुसता त्रास नव्हे तर कानात भोसकल्यासारखी वेदना होते, त्यांनी हा सराव एकट्याने करू नये. तज्ज्ञाला विचारून आणि फार सावकाश करावा. सराव चालू असताना श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यावा, खांदे आणि जबडा सैल सोडावा. आवाजाची चाहूल लागताच शरीर आखडते आणि त्या आखडण्यानेच अर्धा त्रास होतो.

मिसोफोनियाला ही पद्धत जशीच्या तशी लावू नये. मचमच करण्याचा आवाज मुद्दाम पुन्हा पुन्हा ऐकवल्याने राग कमी होण्याऐवजी वाढू शकतो. तेथे जेवताना पंखा किंवा हळू आवाजातला रेडिओ चालू ठेवणे, समोरासमोर न बसता एका ओळीत बसणे, आणि राग चढू लागला तर न भांडता दोन मिनिटे उठून पाणी पिऊन परत येणे, एवढे पाळावे. कायमचे वेगळे ताट मांडू नये. ज्याच्या आवाजाचा राग येतो तो बहुधा घरातील सर्वांत जवळचा माणूस असतो, म्हणून त्याला जेवताना टोकण्याऐवजी निवांत वेळी सांगावे की हा दोष तुझ्या जेवण्याचा नाही.

घरातील छोटे बदल

कान बंद करण्यापेक्षा आवाज जेथे होतो तेथेच तो कमी करणे केव्हाही चांगले. भांड्यांच्या मांडणीवर जुने गोणपाट किंवा रबरी चटई अंथरावी, मिक्सरखाली जाड घडी घालावी, दाराच्या कडीला कापड गुंडाळावे, मोबाइलची घंटी हळू ठेवावी. कुकर लावण्याआधी ‘शिट्टी होणार आहे’ एवढे सांगण्यानेही फार फरक पडतो. टिनाच्या घरात पावसाळा हा मोठा प्रश्न असतो. स्लॅबची एखादी खोली असेल तर तेथे झोपण्याची सोय करावी, नसेल तर पत्र्याखाली छत मारून घ्यावे, पण चुलीच्या वर पोती किंवा थर्माकोल कधीही लावू नये.

खरोखर मोठे आवाज

येथे नियम उलटा होतो. सोयाबीनच्या मळणीचे थ्रेशर, जिनिंग, पिठाची चक्की, लग्नातला डीजे, पोळ्याच्या आणि गणपती-दुर्गेच्या मिरवणुका, रानडुकरे पळवण्यासाठी वावरात फोडलेले सुतळी बॉम्ब, या आवाजांपासून प्रत्येकानेच कान जपावेत, आणि ज्याला आधीच त्रास आहे त्याने अधिकच. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून जास्त काम करू नये, आणि त्यापुढे आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येते, असा सर्वसाधारण हिशोब आहे. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. फोमचा इअरप्लग बोटांत बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. मळणीवर कुटाराची धूळ असते, त्यामुळे तेथे कानावर बसणारे इअरमफ सोयीचे पडतात. आवाज थांबताच ते काढावे.

सर्वांत स्वस्त संरक्षण अंतर हे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. लग्नाला जावेच; नात्यात न जाण्याचे दुःख या त्रासापेक्षा मोठे होऊन बसते. मात्र वरातीत न चालता मांडवात आधी पोचावे, स्पीकरपासून दूरची जागा धरावी आणि परत यायची गाडी आपल्या हाती ठेवावी.

कायदाही पाठीशी आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षात जास्तीत जास्त १५ सणाच्या दिवशी सरकार ही मुदत १२ पर्यंत वाढवू शकते. ऐन मिरवणुकीत भांडण करू नये. सणाच्या आठ दिवस आधी मंडळाच्या अध्यक्षांना किंवा पोलीस पाटलांना भेटून, घरात आजारी माणूस आहे, भोंग्याचे तोंड दुसरीकडे करा, असे सांगितले तर गावात ते बहुधा ऐकले जाते. ऐकले नाही तर ११२ वर तक्रार करता येते.

मुलांच्या बाबतीत

मूल मिक्सर लागला की पळून जाते, शाळेच्या घंटेला कान झाकते, प्रभातफेरीत ढोल वाजताच रडते, तर त्याला मारून किंवा हसून धीट करता येत नाही. आधी श्रवणचाचणी करावी. मूल बोलायला उशीर करीत असेल, नजर देत नसेल किंवा ठरलेल्या क्रमात थोडा बदल झाला तरी फार अस्वस्थ होत असेल, तर स्वमग्नतेचीही (ऑटिझमची) तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व शाळेत येते, त्यांना हे सांगावे, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. स्वमग्नता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. गुरुजींना किंवा मॅडमना विनंती करून मुलाला घंटेपासून दूर बसवावे, आणि घंटा होण्यापूर्वी त्याला खूण करायला सांगावे. काही दिवसांनी घंटा त्यालाच वाजवू द्यावी. अनेक मुलांची भीती तेथेच सैल होऊ लागते.

घरच्यांनी आणि स्वतः सांभाळायच्या गोष्टी

हा त्रास दिसत नाही, म्हणून त्याला नाटक म्हटले जाते, आणि नव्याने घरात आलेल्या सुनेच्या वाट्याला हा शब्द सर्वांत आधी येतो. दिवसभर भांडी, चक्की आणि लेकरांच्या आवाजात काम करणाऱ्या बाईला हा त्रास असेल, तर तिला डॉक्टरांकडे नेताना घरातील एका मोठ्या माणसाने सोबत जावे आणि डॉक्टरांचे म्हणणे स्वतः ऐकावे. घरच्यांनी दोन टोके टाळावीत: मुद्दाम आवाज करून पाहू नये, आणि सगळे घर चिडीचूप करून टाकू नये. वागणे-बोलणे नेहमीच्या आवाजात चालू ठेवावे.

दीर्घकाळ हा त्रास सोसणाऱ्याच्या मनावर फार ताण येतो. झोप उडते, माणसांत जाणे थांबते, जगणे नकोसे वाटू लागते. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी समुपदेशन-पद्धती या त्रासात उपयोगी पडते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तिच्याविषयी विचारावे. तेथे पाठवले म्हणजे वेडा ठरवले, असे नाही.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. ताप, जागरण, कर्जाची काळजी किंवा एखादा फटाका अगदी जवळ फुटणे, यांमुळे त्रास पुन्हा उफाळतो. तसे झाल्यास सराव दोन पायऱ्या खाली आणावा, मंद आवाजाची सोबत मात्र बंद करू नये, आणि दोन-तीन दिवस झोपेला प्राधान्य द्यावे. आठवडा उलटूनही कान पूर्वपदावर आले नाहीत, किंवा ऐकू येणे कमी झाल्यासारखे वाटले, तर वही घेऊन पुन्हा कान-नाक-घसा विभागात जावे.